गुरुजींच्या कोटाआडचे पिस्तूल

२३ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या प्रतिनिधीगृहात एक विधेयक ६८ विरुद्ध २८ मतांनी संमत झाले आणि सभागृहाच्या वरच्या सज्जातून घोषणांचा कल्लोळ उठला. तुमचे हात रक्ताने माखले आहेत, असे सज्जातले लोक खालच्या सदस्यांना ओरडून सांगत होते. त्यांत शाळकरी मुलांच्या आया होत्या, विद्यार्थीही होते. अखेर सज्जा रिकामा करण्याचा आदेश सभापतींना द्यावा लागला. तीनच दिवसांनी गव्हर्नर बिल ली यांनी त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. शिक्षकांना व शाळेच्या अन्य कर्मचाऱ्यांना अंगावरच्या कपड्यांआड पिस्तूल बाळगून वर्गात जाण्याची मुभा देणारा कायदा टेनेसीत अस्तित्वात आला.

कायदा वाचल्यावर तो बेफिकिरीने केला आहे असे म्हणता येत नाही. मुख्याध्यापक, जिल्ह्याचे शिक्षण संचालक आणि स्थानिक पोलिसप्रमुख या तिघांची लेखी संमती हवी. ४० तासांचे प्रशिक्षण हवे. शिक्षकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी हवी आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखलाही हवा. सरकारी नस्तीत असायला हवे ते सारे या कायद्यात आहे. परंतु त्यात आणखी एक कलम आहे आणि आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. कोणत्या शिक्षकाजवळ पिस्तूल आहे, ही माहिती गोपनीय राहील. ती पालकांना दिली जाणार नाही. त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकविणाऱ्या शिक्षकालाही ती मिळणार नाही.

या मजकुराचे दिल्लीत बसलेल्या मराठी वाचकाला काय, असा प्रश्न कोणी विचारील. केंद्र सरकारच्या सेवेत उभी हयात काढलेल्या किती मराठी कुटुंबांची पुढची पिढी आज टेक्सास, ओहायो, जॉर्जिया, न्यू जर्सीत आहे, हे आपापल्या सोसायटीच्या जिन्यावर उभे राहून मोजता येईल. सहा महिन्यांच्या व्हिसावर नातवंडे सांभाळायला गेलेले आजी-आजोबा परत येतात, तेव्हा एक हकिकत हटकून सांगतात. पाच-सहा वर्षांचे नातवंड जेवताना सहज म्हणते, ‘आज आम्ही वर्गातला दिवा बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा खेळ खेळलो.’ तो खेळ नसतो. बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचे, याची ती तालीम असते. आपल्याकडे भूकंपाची आणि आगीची तालीम होते, तशीच तिकडे ही. त्या तालमीतल्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या कोटाआड भरलेले पिस्तूल असावे का, आणि असल्यास ते आई-बापांना कळावे का, हा प्रश्न त्या आजी-आजोबांचाही आहे.

शिक्षकाला शस्त्र द्यावे असे म्हणणाऱ्यांची बाजू आपल्याकडे बहुधा थट्टेनेच मांडली जाते. ते योग्य नाही, कारण त्यांचा मुख्य मुद्दा वेळेचा आणि अंतराचा आहे आणि तो खोटा नाही. टेक्सासच्या उत्तर टोकाला हॅरल्ड नावाचे एक खेडे आहे. तेथील शाळेत शंभर-सव्वाशे मुले. सर्वांत जवळचे शेरीफचे कार्यालय पंचवीस किलोमीटरहून दूर. २००७ मध्ये त्या शाळेच्या मंडळाने निवडक शिक्षकांना पिस्तूल बाळगण्याची परवानगी दिली. शाळेतला गोळीबार काही मिनिटांत संपतो आणि पोलिसांना पोचायलाच त्याहून अधिक वेळ लागणार असेल, तर त्या मिनिटांत मुलांजवळ कोण असते? शिक्षकच असतो. हॅरल्डच्या या सवालाला दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित खोलीतून उत्तर देणे सोपे नाही.

त्याला पूरक उदाहरणही आहे. १ ऑक्टोबर १९९७ रोजी मिसिसिपीतील पर्ल येथे एका विद्यार्थ्याने शाळेत दोन विद्यार्थिनींना ठार केले. उपमुख्याध्यापकांनी धावत जाऊन आपल्या वाहनातून पिस्तूल आणले आणि निसटू पाहणाऱ्या त्या मुलाला पोलिस येईपर्यंत रोखून धरले. शस्त्रवाद्यांच्या भाषणांत पर्लचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे.

पोलिसांवर विसंबावे, असे म्हणणाऱ्यांचीही पंचाईत झालेली आहे. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, त्या वेळी सशस्त्र पोलिस अंमलदार आवारातच होता आणि तो इमारतीत शिरला नाही. टेक्सासच्या युव्हाल्डी गावात २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिकांचा बळी गेला. निरनिराळ्या यंत्रणांचे मिळून ३७६ सशस्त्र अंमलदार तेथे जमले होते आणि हल्लेखोराला गाठायला त्यांनी ७७ मिनिटे घेतली. पार्कलंडच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष स्वतः शेरीफ होते. शिक्षकांना शस्त्र देण्यास प्रारंभी त्यांचा विरोध होता. पुरावे पाहिल्यावर आपले मत बदलले, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २०१८ च्या फ्लोरिडा कायद्याने केवळ वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांना वगळले होते. २०१९ मध्ये ती मर्यादाही गेली.

म्हणजे पोलिस कमी पडतात, हे मान्य. पण तेवढ्यावरून शिक्षक पुरा पडेल, हे सिद्ध होत नाही. उलट तो पुरा पडणार नाही, असे दाखविणाराच पुरावा अधिक आहे. न्यूयॉर्कच्या पोलिस दलाचा अभ्यास करून रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये एक अहवाल दिला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या सुटत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्केच नेमावर लागल्या होत्या. ही रोज शस्त्र वागविणाऱ्या, नियमित सराव करणाऱ्या पोलिसांची गोष्ट. उरलेल्या ८२ टक्के गोळ्या कोठेतरी जातातच. पंचवीस मुले किंचाळत पळत असलेल्या खोलीत त्या कोठे जातील, याचा विचार ४० तासांच्या प्रशिक्षणाने टळत नाही.

शिवाय साध्या वेशातला पिस्तूलधारी शिक्षक कोण आणि हल्लेखोर कोण, हे धावत आलेल्या पोलिसाने कसे ओळखावे? जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतील अर्वाडा येथे एका नागरिकाने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोराला ठार केले आणि अनेकांचे प्राण वाचविले. काही क्षणांत आलेल्या पोलिसाने त्या नागरिकालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. ती प्राणघातक ठरली. त्या माणसाने बंदूकवाद्यांच्या कल्पनेतले सारे काही अचूक केले होते, हे विशेष.

अपघातांचा मुद्दा आम्ही वाढवीत नाही. २०१४ मध्ये युटातील एका शिक्षिकेच्या पिस्तुलातून शाळेच्या स्वच्छतागृहात गोळी सुटून तीच जखमी झाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात बंदुकीच्या सुरक्षिततेचा पाठ देताना एका शिक्षकाकडूनच वर्गात गोळी उडाली. अशा घटना मोजक्या आहेत. पण गोळीबार न झालेल्या शाळाही लाखभर आहेत आणि वर्षाचे एकशेऐंशी दिवस पिस्तूल त्यांच्याच वर्गांत वावरणार आहे, हे या हिशेबात धरावे लागते.

ओहायो राज्यात जे घडले ते आपल्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तेथील बटलर परगण्यातल्या मॅडिसन शाळेत २०१६ मध्ये गोळीबार झाला. २०१८ मध्ये शाळा मंडळाने कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगू देण्याचे धोरण आखले. काही पालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते : राज्याच्या कायद्यानुसार शाळेत सशस्त्र कर्तव्य बजावणाऱ्याला पोलिसासारखे ७०० तासांहून अधिक प्रशिक्षण लागते, ते या लोकांना कोठे आहे? २०२१ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. येथे प्रकरण संपायला हवे होते. परंतु वर्षभरात विधिमंडळाने कायदाच बदलला आणि ७०० हून अधिक तासांच्या जागी जास्तीत जास्त २४ तास आणले. ज्यांना अधिक हवे त्यांनी आपल्या पातळीवर अधिक द्यावे. जून २०२२ मध्ये, युव्हाल्डीच्या हत्याकांडाला तीन आठवडेही झालेले नसताना, गव्हर्नर माइक डिवाइन यांनी त्यावर सही केली. न्यायालयाचा निकाल गैरसोयीचा ठरला की कायद्याचीच दुरुस्ती करायची, ही कला केवळ भारतीय विधिमंडळांचीच मक्तेदारी नाही, एवढे समाधान आपण मानून घ्यावे.

२४ तास म्हणजे किती? आपल्याकडे शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरेही याहून लांब चालतात.

या सर्व चर्चेत एक गोष्ट अगदीच कोपऱ्यात राहते. शाळेवर हल्ला करणारा कोण असतो? डोळ्यांसमोर येतो तो कोणी अनोळखी, बाहेरून भिंत ओलांडून आलेला. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९९ च्या कोलंबाइनचे दोन्ही हल्लेखोर तेथील विद्यार्थी होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटच्या सँडी हुक प्राथमिक शाळेत २० बालकांना आणि सहा प्रौढांना मारणारा तरुण लहानपणी त्याच शाळेत शिकला होता. पार्कलंडचा हल्लेखोर माजी विद्यार्थी होता. युव्हाल्डीचाही तसाच. २७ मार्च २०२३ रोजी टेनेसीच्या नॅशविल शहरातील कॉव्हेनंट शाळेत तीन नऊ वर्षांची मुले आणि तीन प्रौढ मारले गेले, त्या हल्ल्यामागेही शाळेची जुनी विद्यार्थी-नोंद होती. पर्लला उपमुख्याध्यापकांनी पिस्तूल रोखले ते आपल्याच शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलावर.

तेव्हा कायदा शिक्षकाला जे सांगतो त्याचा उघड अर्थ असा की, ज्याला तू अक्षरे गिरवायला शिकविलेस त्याच्यावर वेळ येताच नेम धर. शिक्षकाचा हात तेथे एक क्षण थरथरेल. तो तसा थरथरावा, असेच आपण म्हणू. ज्याचा हात थरथरणार नाही, त्याच्या वर्गात आपले मूल बसवायला किती पालक राजी होतील? रँडने २०२३ मध्ये अमेरिकी शिक्षकांनाच विचारले, तेव्हा ५४ टक्के म्हणाले की, शिक्षकांजवळ शस्त्रे आल्याने शाळा कमी सुरक्षित होतील. अधिक सुरक्षित होतील म्हणणारे २० टक्के होते. हे मत शाळेत प्रत्यक्ष वावरणाऱ्यांचे आहे.

मग शिक्षकांनाही नको असलेले हे पिस्तूल त्यांच्या हाती देण्याची निकड कोणाला आहे? त्याचे उत्तर टेनेसीच्या राजकारणात मिळते. कॉव्हेनंटच्या हल्लेखोराने सात बंदुका रीतसर दुकानांतून विकत घेतल्या होत्या आणि त्याच काळात मानसिक विकारावर उपचारही चालू होते. अशा धोकादायक व्यक्तीकडून न्यायालयाच्या हुकमाने शस्त्रे तात्पुरती काढून घेण्याची तरतूद टेनेसीत नव्हती. गव्हर्नर ली हे रिपब्लिकन पक्षाचे, बंदूकहक्काचे जुने पुरस्कर्ते. पण या हल्ल्यात त्यांच्या पत्नीच्या निकटच्या मैत्रिणी मारल्या गेल्या होत्या. त्यांनी अशी तरतूद करण्याची विनंती विधिमंडळाला केली. त्यांच्याच पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या विधिमंडळाने ती ऐकली नाही. उलट सभागृहात बंदूक नियंत्रणासाठी घोषणा दिल्याबद्दल जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन या दोन तरुण कृष्णवर्णीय सदस्यांना एप्रिल २०२३ मध्ये सदस्यत्वावरून काढून टाकण्यात आले. पुढे स्थानिक मंडळांनी त्यांना परत पाठविले, ती गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२३ मध्ये गव्हर्नरांनी खास अधिवेशन बोलावले. त्यातूनही मूळ मागणीचे काही निघाले नाही. शेवटी, वर्षभराने, निघाला तो शिक्षकांना पिस्तूल देणारा कायदा.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे, असा एक वाक्प्रचार आपण नेहमी वापरतो. टेनेसीच्या विधिमंडळाने तो अक्षरशः खरा करून दाखविला. शस्त्र विक्रीवर निर्बंध घातले तर मतदार आणि देणगीदार दुखावतात. प्रत्येक शाळेत प्रशिक्षित पोलिस नेमावा तर पगाराचा बोजा पडतो. शिक्षक मात्र तेथे आधीच आहे. त्याला वेगळा पगार द्यावा लागत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, एवढाच हा प्रकार असता तर हसून सोडून देता आला असता. पण येथे बंब नेमका त्या माणसाच्या हाती दिला आहे, ज्याला नाही म्हणणे सर्वांत अवघड जाते.

त्यातून अमेरिकी कायद्याची एक चमत्कारिक बाजू पुढे येते. नागरिकाचे रक्षण करणे ही पोलिसांची घटनात्मक जबाबदारी आहे, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तसे मानलेले नाही. २००५ च्या कॅसल रॉक खटल्यात, बापाला दूर ठेवण्याचा न्यायालयीन आदेश पोलिसांनी अमलात आणला नाही आणि तीन मुली मारल्या गेल्या. तरीही त्या आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क आईला नाही, असा निर्णय झाला. पार्कलंडच्या विद्यार्थ्यांनी केलेला दावाही डिसेंबर २०१८ मध्ये एका संघीय न्यायाधीशांनी याच तर्काने फेटाळला. आवाराबाहेर थांबून राहिलेल्या त्या अंमलदाराची फौजदारी खटल्यातून २०२३ मध्ये निर्दोष सुटका झाली. आता टेनेसीचा कायदा पाहा. शिक्षकाने पिस्तूल वापरले किंवा वापरले नाही, यावरून उद्भवणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून शाळा-जिल्ह्याला आणि पोलिस यंत्रणेला त्यात संरक्षण आहे. म्हणजे राज्य हात झटकून मोकळे, पोलिस मोकळे, शाळा मोकळी. सदसद्विवेकाचे ओझे घेऊन उभा राहणार तो एकटा शिक्षक.

विमा कंपन्यांना भावना नसतात, म्हणून त्यांचे मत अशा वेळी मोलाचे असते. कॅन्सास राज्याने २०१३ मध्ये शाळेच्या कर्मचाऱ्यांना शस्त्रे बाळगू देण्याचा कायदा केला, तेव्हा राज्यातील बहुसंख्य शाळा-जिल्ह्यांचा विमा उतरविणाऱ्या कंपनीने, ज्या शाळेत कर्मचारी सशस्त्र असतील तिचा विमा आपण घेणार नाही, असे कळविले.

अमेरिकेबाहेर हा प्रयोग कोठे झाला? आपल्या शेजारीच झाला. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर तालिबानी हल्ला होऊन १३० हून अधिक मुले मारली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच खैबर पख्तुनख्वा सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगण्याची परवानगी दिली. पोलिसांनी शिक्षिकांना नेमबाजीचे धडे दिले, त्याची छायाचित्रे जगभर गेली. शिक्षक संघटनांनी मात्र आपले काम शिकविण्याचे आहे, असे सांगून विरोध केला होता. २०१५ च्या जुलैत स्वात खोऱ्यात एका शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीने बारा वर्षांचा विद्यार्थी दगावला. २० जानेवारी २०१६ रोजी चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला, तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी आपल्या पिस्तुलाने दहशतवाद्यांवर गोळ्या झाडल्या आणि विद्यार्थ्यांना पळायला अवसर मिळवून दिला. ते स्वतः मारले गेले. त्यांच्या शौर्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. पण ज्या राज्यात रसायनशास्त्राच्या प्राध्यापकावर ही पाळी येते, त्या राज्याचे गृहखाते त्या शौर्याला आपले यश म्हणू शकत नाही. आणि पेशावरमधला शत्रू संघटित दहशतवादी होता. टेनेसीत तो शेजारच्या गल्लीतला मुलगा आहे.

आपल्याकडे शिक्षकाच्या हाती पिस्तूल देण्याची मागणी कोणी गांभीर्याने केलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर त्याच्या हातातली छडीही काढून घेतली, आणि ते योग्यच झाले. मात्र जे काम करायला सरकारकडे माणूस नाही ते शिक्षकावर टाकायचे, ही खोड आपल्याला चांगलीच परिचित आहे. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अन्य अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे सांगितले. त्या अपवादांच्या दारातून काय काय आत आले, हे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे. मतदार याद्यांचे ओझे आणि भरलेले पिस्तूल यांत महदंतर आहे, हे उघड आहे. पण दोन्हींमागची सरकारी वृत्ती एकाच कुळातली आहे.

दिल्लीशेजारच्या हरियाणातल्या दोन घटना मात्र विसरता येत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाने घरून आणलेल्या वडिलांच्या पिस्तुलाने वर्गमित्राचा बळी गेला. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातील यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. ते रिव्हॉल्व्हर वडिलांचे, परवानाधारक होते. दोन्ही ठिकाणी शस्त्र शाळेत आले ते घरच्या कपाटातून. अमेरिकेतही चित्र हेच आहे. तेथील सिक्रेट सर्व्हिसच्या धोका-मूल्यांकन केंद्राने २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी केलेल्या शालेय हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरली गेलेल्या हल्ल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकरणांत ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आली होती.

हे कपाट बंद ठेवायला लावणे राज्याला शक्य आहे, हे मिशिगनने दाखवून दिले. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी तेथील ऑक्सफर्ड गावच्या शाळेत १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केले. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी आणले होते. त्या सकाळी शाळेने आई-बापांना बोलावून मुलाची चिंताजनक चित्रे दाखविली होती, तरी त्यांनी त्याला घरी नेले नाही आणि घरात नवे पिस्तूल आहे हेही सांगितले नाही. दोघांनाही सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरवून एप्रिल २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शालेय हत्याकांडात आई-बापांना असे दोषी धरण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ. शिक्षा सुनावली गेली त्याच महिन्यात टेनेसीत शिक्षकांचा कायदा झाला. एका राज्याने घराकडे बोट दाखविले, तर दुसऱ्याने वर्गाकडे.

आमचे मत असे की, हॅरल्डसारख्या एखाद्या दूरच्या खेड्याने, सर्व पालकांसमोर उघडपणे ठरवून, पोलिसाइतकेच प्रशिक्षण घेतलेला एखादा कर्मचारी नेमला, तर त्याला सरसकट वेडेपणा म्हणता येणार नाही. तो माणूस गावाला ठाऊक असेल, त्याच्यावर गावाचे लक्ष असेल. टेनेसीचा कायदा नेमके हे लक्षच काढून घेतो. गुपित राखले तर हल्लेखोराला धाक बसेल, हे त्याचे समर्थन. परंतु यांतील अनेक हल्लेखोर स्वतः मरण्याच्या तयारीनेच आलेले होते. शाळेत कोठेतरी पिस्तूल असेल, या शंकेने ते परतले असते असे मानायला आधार नाही. कोलंबाइनला आणि पार्कलंडला सशस्त्र अंमलदार होते, हे त्या मुलांना ठाऊकच होते. धाक बसतो तो आई-बापांच्या मनात. मुलाला शाळेच्या सहलीला न्यायचे तर पालकाची सही लागते, तापाची गोळी द्यायची तरी लागते. मुलापासून हातभर अंतरावर भरलेले पिस्तूल ठेवण्यासाठी लागणाऱ्या तीन संमतींत त्याचीच तेवढी नाही.

ओहायोच्या कायद्यात २४ तासांचा सवंगपणा असला तरी एक गोष्ट बरी आहे. शाळा मंडळाने अशी परवानगी दिली असेल, तर ती दिल्याचे पालकांना कळवावे लागते. टेनेसीतही परवानगी देणे बंधनकारक नाही आणि नॅशविलसह मोठ्या शाळा-जिल्ह्यांनी तिच्यापासून दूर राहणे पसंत केले. म्हणजे खरा निर्णय स्थानिक मंडळाच्या टेबलावर होतो. अमेरिकेतील आपल्या अनेक मराठी कुटुंबांना अजून मताधिकार नाही. कोणी एच-१बी व्हिसावर आहे, तर कोणी ग्रीन कार्डाच्या रांगेत. परंतु शाळा मंडळाच्या बैठका उघड्या असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांत पालकांना दोन-तीन मिनिटे बोलता येते. तेथे कोणी नागरिकत्वाचा दाखला मागत नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी जी मंडळी शनिवारी सकाळी एकत्र येतात, त्यांनी एखाद्या मंगळवारी संध्याकाळी त्या बैठकीला जाऊन एवढेच विचारावे : आमच्या शाळेत अशी परवानगी मागितली गेली आहे का, कोणी दिली, किती तासांच्या प्रशिक्षणावर दिली, आणि गोळी चुकली तर उत्तर कोण देणार? यांतील पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही असे मंडळ म्हणाले, तर तेही इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.